पडद्यावरचं चित्र आलं कुठून, तेही सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या तोंडावर आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'मुलांना हे आवर्जून दाखवा' अशी एक चौकट हमखास येते. निम्मे इतिहासाचे माहितीपट, निम्मे घरच्यांनी मिळून बघायचे ॲनिमेशनपट. प्रत्येकापुढे तीन-चार तारे, दोन ओळी, की झालं. या दोन्ही प्रकारांना जन्मतःच 'चांगलं' असा शिक्का मिळालेला आहे. मारधाडीचा सिनेमा असला तर आईबाप दहा प्रश्न विचारतात, पण माहितीपट आणि कार्टून म्हटलं की पोरांना पडद्यापुढे बसवून निर्धास्त होतात. या निर्धास्तपणामुळेच दोन्हीकडे ढिलाई आली आहे. माहितीपट हल्ली कल्पना रंगवू लागलेत आणि ॲनिमेशनपट 'खरा इतिहास' सांगितल्याचा आव आणतात. दोघांनी एकमेकांचे अवगुण तेवढे उचलले. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

आधी माहितीपट. त्यात दिसणारं चित्र चार प्रकारचं असतं: त्या काळी काढलेला फोटो किंवा चित्रफीत, त्या जागी आज केलेलं चित्रीकरण, नट उभे करून वठवलेला प्रसंग, आणि संगणकावर तयार केलेलं दृश्य. चारही प्रकार वापरायला हरकत नाही. हरकत आहे ती चारही एकाच रंगछटेत, एकाच संगीताखाली सलग गुंफून बघणाऱ्याला पत्ता लागू न देण्याला. निवेदक सांगतो '१९३० साली...' आणि पडद्यावर धुरकट, ओरखडे पडलेला मोर्चा दिसतो. ते ओरखडे हल्ली संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीसरशी पडतात. नव्या चित्राला जुनं भासवण्याखेरीज त्यांचा काही उपयोग नाही.

आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. १९३० च्या मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे माहितीपटवाल्यांना हवीहवीशी कथा. १२ मे ते ३० जून मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना फाशी. पण एवढ्या मोठ्या घटनेचं हलतं चित्रण कुठून आणणार? मग मुंबईचा किंवा दांडीचा मोर्चा आणून चिकटवायचा मोह होतो. चिकटवा, पण खाली लिहा: 'दृश्य मुंबईचे, १९३०'. तीन शब्दांनी कथेचा जोर कमी होत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा फडकला. हा प्रसंग नटांकरवी किंवा ॲनिमेशनमध्ये दाखवायचा तर झेंडा कोणता दाखवाल? आज शाळेत फडकतो तो केशरी-पांढरा-हिरवा, मधे अशोकचक्र असलेला दाखवला तर दोन चुका होतात. अशोकचक्र जुलै १९४७ मध्ये आलं. केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम काँग्रेसने स्वीकारला १९३१ च्या ऑगस्टमध्ये. १९३० साली चळवळीत जो झेंडा चालत होता त्यात वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल असे पट्टे आणि त्यांवर चरखा असे. वेशभूषाकाराला हे विचारायला एक फोन पुरतो. तो न केल्याने अख्खा प्रसंग बाद होतो, कारण वरच्या वर्गातलं पोरगंसुद्धा ते बरोबर पकडतं आणि मग बाकीच्यावरही विश्वास ठेवत नाही.

आता याला दुसरी गोष्ट जोडा, जुने फोटो रंगवण्याची. कृष्णधवल चित्रांना रंग भरायची सध्या साथच आलेली आहे. रंग भरणाऱ्या यंत्राला एक बाब ठाऊक नसते: जुन्या 'ऑर्थोक्रोमॅटिक' फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटे आणि निळी फिकट, जवळजवळ पांढरी. सगळे रंग टिपणारी 'पॅन्क्रोमॅटिक' फिल्म १९२० च्या दशकात रुळू लागली आणि १९३० साली दोन्ही प्रकार वापरात होते. म्हणजे जुन्या घरगुती फोटोत आजीच्या कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर दिसतं ते उगीच नव्हे. लाल काठही काळा, डाळिंबी लुगडंही काळं, आणि निळं आभाळ मात्र कोरं. असा फोटो यंत्राला दिला की ते काळ्या पट्ट्याला गडद निळा किंवा तपकिरी रंग देऊन मोकळं होतं. वरच्या झेंड्याचा खालचा लाल पट्टा अशा फिल्मवर जवळपास काळाच येणार, मग यंत्र त्याला काय रंग देईल ते बघा. फोटो रंगवायचाच असेल तर फिल्म कोणत्या जातीची होती ते आधी शोधावं. ते कळत नसेल तर कृष्णधवल फोटो तसाच दाखवावा. त्याला काही झालेलं नसतं.

चित्रफितीच्या वेगाची तऱ्हाही तशीच. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं निघत, कधी कमी, कधी जास्त. तीच फीत आजच्या २४ च्या वेगाने सोडली की माणसं टुणटुण उड्या मारत चालतात, पुढारी बाहुल्यासारखे हात हलवतात आणि प्रेक्षागृह हसतं. ते लोक तसे चालत नव्हते. संकलकाने खरा वेग शोधून मधली चित्रं भरून काढावी लागतात. त्याला वेळ लागतो, एवढंच.

चौकटीचा घोटाळा तर रोजचा. जुनी चित्रफीत ४:३ आकाराची, घरातला टीव्ही १६:९ चा. ती ओढून बसवली की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो आणि वाळक्या अंगाचे गांधीजीही गुबगुबीत दिसतात. वरखाली कापून बसवली तर चित्राची चौथाई उंची जाते, म्हणजे कुणाची पगडी, कुणाचे पाय. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडणं हाच सरळ उपाय. पण वाहिन्यांना काळ्या पट्ट्यांची भीती वाटते.

जुन्या फोटोवरून कॅमेरा हळूहळू सरकवत एका चेहऱ्यापाशी नेण्याची पद्धत सगळ्यांना आवडते आणि ती चांगलीही आहे. तिच्यात गडबड होते ती स्कॅन करताना. समजा सहा इंच रुंदीचा मूळ फोटो ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला, तर १८०० ठिपके मिळतात. साध्या एचडी पडद्याची रुंदीच १९२० ठिपके, म्हणजे फोटो पूर्ण दाखवायलाही ते पुरत नाहीत. त्यातल्या चौथाई रुंदीच्या भागावर जायचं असेल तर ७६८० हवेत, म्हणजे स्कॅन जवळपास १३०० डीपीआयचा. स्थानिक माणसाच्या घरचा अल्बम दोन दिवसांसाठी मागून आणतात, मोबाइलवर फोटो काढतात, आणि मग पडद्यावर चेहऱ्याऐवजी राखाडी लापशी दिसते. मोबाइलच्या फोटोत वर ट्यूबलाइटची चमक असते ती निराळीच.

अलीकडे यावर एक 'तोडगा' निघालाय: कृत्रिम बुद्धिमत्तेकडून जुनं गाव काढून घेणं. जुन्या सोलापूरचा बाजार म्हणून अशी चित्रं फिरतात. ओळखायचं असेल तर दुकानाच्या पाट्या वाचा. देवनागरीसारखी दिसणारी पण कुठल्याच भाषेत न बसणारी अक्षरं असतात. घोड्याची रिकीब बघा, ती बहुधा कशालाच लटकलेली नसते. सगळ्या गर्दीचे फेटे एकाच घडीचे असतात. अशा चित्रांना बंदी घाला असं म्हणणं नाही. चित्र पडद्यावर आहे तोवर 'संगणकनिर्मित' ही अक्षरं वाचता येतील एवढ्या मोठ्या टाइपात राहिली पाहिजेत. शेवटच्या नामावलीत बारीक अक्षरात दिलेला खुलासा कुणी वाचत नाही, कारण तोवर ओटीटीने पुढचा भाग सुरू केलेला असतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबाबत असाच एक सापळा आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच मरण पावला. त्यांच्यावर १९४६ साली कथापट निघाला. तो आता इतका जुना दिसतो की त्यातलं दृश्य कापून 'कोटणीस चीनमध्ये' म्हणून सहज खपवता येतं. पडद्यावर मात्र नट असतो. जुना सिनेमा हा जुन्या सिनेमाचा पुरावा आहे. त्यातल्या घटनेचा तो पुरावा होत नाही.

तारखांकडे वळतो, कारण बोलूनचालून इतिहास असूनही माहितीपट सर्वांत जास्त घसरतात ते इथेच. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची. इंग्रज १७५२ पर्यंत तेच वापरत. पोर्तुगीज १५८२ पासून नव्या ग्रेगोरियन पंचांगावर गेले होते. सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचं अंतर. त्यामुळे मुंबईचं इंग्रजी पत्र आणि गोव्याचं पोर्तुगीज पत्र एकाच घटनेबद्दल दहा दिवसांच्या फरकाने बोलतात, आणि माहितीपटात 'बातमी पोचायला दहा दिवस लागले' असं सहज ठोकून देता येतं. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले. सुरतेच्या पहिल्या लुटीची त्यांची कागदपत्रं जानेवारी १६६३ ची दिसतात, पण लूट झाली आपल्या हिशेबाने जानेवारी १६६४ मध्ये. कागदाचा कॅमेऱ्याने घेतलेला जवळचा फोटो एक साल दाखवतो, निवेदक दुसरं सांगतो आणि बघणारा चक्रावतो. मोडी कागदावर वर्ष शुहूर सन या जुन्या कालगणनेत असतं, इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. हे आकडे संहिता लिहिणाऱ्याच्या टेबलावर चिकटवलेले असावेत.

शकावरून आठवलं. दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथे संगमेश्वराच्या देवळात मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे, 'वाछि तो विजेया होईवा'. शक ९४०, म्हणजे इ.स. १०१८. वाचणारा विजयी होईल असं लेखातच लिहिलंय, आणि चित्रीकरण करणारे तो वाचता येणार नाही असा टिपतात. कारण समोरून मारलेला दिवा. शिलालेखाचं अक्षर म्हणजे दगडातली चर. समोरून उजेड टाकला की चरीतली सावली मरते आणि दगड सपाट दिसतो. दिवा बाजूला, जवळजवळ दगडाला चिकटून धरायचा, म्हणजे तिरप्या उजेडात प्रत्येक चरीची एक कड काळी होते आणि अक्षर उठून येतं. डावीकडून एकदा, वरून एकदा, असे दोन-तीन वेळा टिपावं लागतं, कारण आडव्या रेघा एका उजेडात दिसतात आणि उभ्या दुसऱ्या. साधी टॉर्च पुरते. अक्षरांत खडू किंवा पावडर भरणं मात्र गुन्ह्यासारखं मानावं. त्याने दगड झिजतो, आणि भरणाऱ्याने चुकीचं वाचलेलं अक्षर पुढच्या सगळ्यांच्या माथी बसतं.

किल्ले म्हटलं की सगळ्यांच्या ड्रोनना सह्याद्रीच दिसतो. कडे, ढग, तुतारी. इकडे पठारावरचा इतिहास भुईकोटांचा आहे आणि त्याची युद्धकला वेगळी आहे. सोलापूरच्या किल्ल्याला दुहेरी तट, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. हा किल्ला निजामशाही आणि आदिलशाहीच्या भांडणात वर्षानुवर्षं ओढला गेला, चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून दिला गेला. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरीला होती. माचणूरचा किल्ला त्याच काठावर आहे. मराठ्यांच्या औरंगजेबाशी झालेल्या लढ्यावरचे माहितीपट रायगडावरून उडतात ते थेट जिंजीला उतरतात, आणि मधे भीमाकाठी बादशहा चार वर्षं तळ ठोकून बसला होता ते एका वाक्यात उरकतं. भुईकोट ड्रोनने कळत नाही. वरून तो नुसता नकाशा दिसतो. तो कळतो दरवाजातून आत चालत गेल्यावर: वाट का वळते (हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून), दाराला खिळे किती उंचीवर आहेत (हत्तीच्या कपाळाएवढ्या), आतला तट बाहेरच्यापेक्षा उंच का. कॅमेरा माणसाच्या खांद्यावर ठेवून दोन मिनिटं सलग चालवला की मुलाला हे न सांगता समजतं.

तोफांबद्दल माहितीपट आणि ॲनिमेशनपट दोघेही सारखेच दोषी. गोळा पडला की आगीचा लोळ आणि दहा माणसं हवेत! त्या काळातला नेहमीचा गोळा भरीव असे, लोखंडाचा किंवा दगडाचा. तो फुटत नसे. तट फोडी, जमिनीवर टप्पे घेत जाई आणि वाटेत येईल ते नेई. दारू भरून फेकायचे पेटते हुक्के आणि दारूचे बाण होते, पण ते वेगळे. बार करण्याची रीतही दाखवतात ती अर्धवट. आधी नळी ओल्या बोळ्याने पुसायची, नाहीतर आतल्या निखाऱ्याने नवी दारू हातातच पेटते. मग दारू, वर दाबलेला बोळा, मग गोळा, मग तोफेच्या कानात, म्हणजे मागच्या बारीक भोकात, बारीक दारू, शेवटी बत्ती. बार झाला की तोफ मागे सरकते, ती पुन्हा नेमावर आणावी लागते. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि विजापूरला जाण्याआधी आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. तसलं धूड मिनिटाला तीन बार काढताना दाखवणं हा विनोद झाला.

आवाजाची तक्रार घराघरांत आहे: संगीत कानठळ्या बसवतं आणि निवेदन ऐकू येत नाही. दरवेळी दोष बनवणाऱ्यांचाच असतो असंही नाही. ओटीटीवरचा आवाज बऱ्याचदा ५.१ चा असतो आणि त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी राखलेले असतात. घरच्या टीव्हीला दोनच स्पीकर. सहा वाटांचा आवाज दोनात कोंबताना संवाद मागे पडतात. ॲपमध्ये भाषेच्या यादीत 'स्टिरिओ' असा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ किंवा पीसीएम करा. निम्मी तक्रार तिथेच संपते. उरलेली निम्मी मात्र बनवणाऱ्यांची. शोकगंभीर बासरी सतत वाजलीच पाहिजे असा कायदा नाही.

आता ॲनिमेशन. खरं तर इतिहासासाठी हा फार प्रामाणिक प्रकार आहे. काढलेलं चित्र हे काढलेलंच आहे हे चार वर्षांच्या पोराला कळतं, त्याला कुणी पुरावा समजत नाही. आणि हा प्रकार आपल्याला परका नाही. दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या कथापटाच्याही आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चित्र टिपून दाखवलं, आणि १९१५ मध्ये आगकाड्या नाचवल्या. पुढे फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ पासून कार्टून विभाग उभा राहिला.

गणित समजून घ्या, म्हणजे चुका का राहतात ते कळेल. सेकंदाला २४ चित्रं धरली तर दीड तासाच्या सिनेमाला १,२९,६०० चित्रं लागतात. हाताने काढताना एक चित्र दोनदा वापरलं तरी ६४,८००. एवढं काम टप्प्याटप्प्याने होतं: संहिता, चित्रांची पट्टी म्हणजे स्टोरीबोर्ड, मग त्यावर तात्पुरता आवाज चढवून केलेलं ॲनिमॅटिक, मग पात्रं आणि पार्श्वभूमी, मग हालचाल, उजेड, आणि शेवटी रेंडर म्हणजे संगणकाकडून पक्की चित्रं काढून घेणं. इतिहासाचा जाणकार बोलावतात तो बहुधा शेवटी, 'एकदा नजर घाला' म्हणून. तेव्हा त्याने 'या जेवणात मिरच्या-बटाटे कसे? हे बाराव्या शतकातलं ताट आहे, दोन्ही पोर्तुगिजांच्या मागून आले' असं सांगितलं तर सगळं दृश्य पुन्हा रेंडर करावं लागतं आणि तेवढे पैसे कुणाकडे नसतात. हीच चूक स्टोरीबोर्डावर खोडरबराने पाच मिनिटांत जाते. जाणकाराला मानधन एकदाच द्यायचं असेल तर ते ॲनिमॅटिकच्या वेळी द्या.

माग दाखवायची वेळ येते तेव्हा तर सोलापूरकराने डोळे मिटून घ्यावेत. विणकर बसलाय, ताणा म्हणजे उभे धागे घट्ट ताणलेले, आणि धोटा त्या मिटलेल्या धाग्यांतून आरपार पळतोय! आधी ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली होऊन मधे वाट उघडते, तिच्यातून धोटा बाण्याचा म्हणजे आडवा धागा नेतो, मग फणी येऊन तो ठोकते, मग वाट उलटी उघडते. चार हालचाली, त्याच क्रमाने. सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं पोर झोपेतही सांगेल. चादरीच्या नक्षीसाठी जॅकार्ड या नक्षीयंत्राचे भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात, एकेक पुठ्ठा बाण्याच्या एकेका धाग्याचा. ॲनिमेशनची एकेक चौकट म्हणजे तरी दुसरं काय? ज्यांचा स्वतःचा धंदा इतका या मागासारखा, त्यांनी माग चुकीचा काढावा, हे वाईट दिसतं.

घरी ॲनिमेशनपट बघण्याआधी टीव्हीचं एक सेटिंग जरूर बंद करा. चित्राच्या मेन्यूत 'मोशन' या नावाखाली ते असतं. कंपनीगणिक नाव बदलतं. हे सेटिंग दोन चित्रांच्या मधे स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसवतं. क्रिकेटला ते चालून जातं. हाताने काढलेल्या सिनेमात कलाकाराने मुद्दाम ठेवलेला झटका, थांबा, उडी सगळं तुपकट होऊन जातं आणि हलणाऱ्या हाताभोवती कडा फाटतात. 'व्हिव्हिड' रंग काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात.

सर्वांत मोठा राग मराठी आवाजाबद्दल. सोलापुरात एकाच वाड्यात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू नांदतात. परदेशी ॲनिमेशनपट हिंदी, तमिळ, तेलुगूत मिळतो, मराठीत बहुतेकदा मिळत नाही. मिळाला तर तो इंग्रजीवरून न करता हिंदीवरून उतरवलेला असतो आणि ते कान टवकारताच कळतं. 'माझी मदत कर' म्हणतं पात्र. मराठी मूल 'मला मदत कर' म्हणतं. 'मी जात आहे' असं घरात कोण बोलतं? 'चाललो' किंवा 'निघालो'. आणि परत येणार असेल तर 'येतो'. मुलगी बापाला 'तुम्ही' म्हणते की 'तू', हे भाषांतरकाराने पहिल्या पानावर ठरवायला हवं, कारण इंग्रजीत तो प्रश्नच नसतो आणि हिंदीतलं 'आप' डोळे झाकून 'तुम्ही' होतं. मग अर्ध्या सिनेमात बाबा 'तू' आणि अर्ध्यात 'तुम्ही'.

ओठ जुळवणं ही कारागिरी आहे. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या पात्राचे ओठ मिटतील तिथे यांतलं एखादं अक्षर बसवलं की बाकीचं वाक्य थोडं पुढे-मागे झालं तरी डोळ्याला खुपत नाही. मराठी क्रियापद शेवटी येतं, म्हणून पात्र पहिल्याच शब्दाला दचकतं तिथे क्रियापद पुढे आणावं लागतं: 'पळा! मागून येतोय तो!' आणखी एक तांत्रिक बाब: मूळ निर्मात्याकडून संवादाविना संगीत-परिणामांची वेगळी फीत मिळाली तरच पाऊस, पावलं, भांड्यांचे आवाज शाबूत राहतात. ती नसली की संवादाबरोबर सगळं पुसलं जातं आणि पात्रं पोकळीत बोलल्यासारखी वाटतात. मराठी पाट्या आणि उपशीर्षकांत 'ऱ्य' आणि 'र्य' यांची सरमिसळ होते तीही फॉण्ट न तपासल्यामुळे. 'आचाऱ्यांना बोलवा' म्हणजे स्वयंपाकी येणार, 'आचार्यांना बोलवा' म्हणजे गुरुजी. आणि कृपा करून 'काय करायलास बे?' ही सोलापुरी बोली फक्त विदूषकाच्या किंवा चोराच्या तोंडी घालू नका. या बोलीत आई अंगाईही गाते.

थिएटरात नेणार असाल तर थोडं. नव्या नियमांप्रमाणे यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आले आहेत, तो आकडा तिकीट काढतानाच बघा. कार्टून आहे म्हणजे 'यू'च असेल असं धरू नका. थ्रीडीत पडद्याचा उजेड साध्या सिनेमाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर येतो, म्हणून रात्रीची, गुहेतली दृश्यं चिखलासारखी दिसतात. शिवाय मोठ्यांचा चष्मा लहान नाकावरून घसरतो. सहा वर्षांखालच्यांना साधा खेळच बरा. परदेशी सिनेमा मध्यंतराविना रचलेला असतो. आपल्याकडे तो घड्याळ बघून मधे कापतात, कधीकधी ऐन वाक्यात. निदान प्रसंग संपल्यावर कापा, एवढी विनंती थिएटरवाल्यांना आहे.

शाळांत प्रोजेक्टरवर माहितीपट दाखवतात ते स्तुत्यच. पण पडदे न ओढलेल्या वर्गात तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टरही फिका पडतो, आणि त्याच्या पोटातला स्पीकर तिसऱ्या बाकापुढे पोचत नाही. बाहेरचा स्पीकर फळ्याशी ठेवून शेवटच्या बाकावर बसून ऐकून बघा. अख्खा तास सलग लावण्यापेक्षा वीस मिनिटांचा तुकडा दाखवावा, आणि मधे दोनदा थांबवून एकच प्रश्न विचारावा: हे जे दिसतंय, ते कुणी, केव्हा टिपलं असेल? मुलं भराभर बोलू लागतात, भांडतात, पुन्हा मागे नेऊन दाखवा म्हणतात.

तुमच्या पुरवणीसाठी विनंती अशी की ताऱ्यांची जागा थोडी कमी करा आणि प्रत्येक सिनेमापुढे इतकंच छापा: मराठी आवाज आहे का, असल्यास मूळ भाषेवरून की हिंदीवरून, लांबी किती, प्रमाणपत्राचा आकडा, आणि माहितीपट असेल तर पडद्यावर चित्रांचा उगम लिहिलाय की नाही. आणि येत्या १२ जानेवारीला चार हुतात्म्यांची चित्रं पहिल्या पानावर घ्याल, तेव्हा प्रत्येकाखाली छोट्या टाइपात लिहा, तो फोटो आहे की नंतर काढलेलं चित्र, आणि तो तुमच्याकडे कुठून आला.

कळावे,
एक प्रेक्षक, सोलापूर